पारंपरिक म्हणजे कोणाचा?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या ऑफिसात दरवर्षी 'बे डेकोरेशन'ची स्पर्धा असते. प्रत्येक टीमने आपापला कोपरा सजवायचा, एचआरची मंडळी फिरून मार्क देणार, आणि जिंकणाऱ्यांना टीम लंचचं कूपन. (रिलीजच्या आठवड्यात लंचला जायला वेळ कोणाला असतो, हा प्रश्न विचारायचा नसतो.) सजावटीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण एका लांबलेल्या कॉलमध्ये मी पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचे घन करत बसलेला पकडला गेलो होतो.

मी दोन गोष्टी टांगल्या. एक म्हणजे घड्या घातलेल्या कागदांचे गोळे, जपानीत ज्याला कुसुदामा म्हणतात ते. दुसरी म्हणजे माझ्या आत्याचा आकाशकंदील. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या एकमेकींत अडकवून केलेला, डिंकाचा एक थेंब नसलेला. आत बल्ब लावला की फटीफटीतून उजेड सांडतो. लहानपणापासून तो डोंबिवलीला तिच्या गॅलरीत पाहत आलोय. दर दोन-तीन वर्षांनी कागद नवा, पण कंदील तोच.

मग खाली प्रिंटआउट चिकटवले. गोळ्यांखाली 'पारंपरिक जपानी कुसुदामा'. कंदिलाखाली 'पारंपरिक मराठमोळा आकाशकंदील'. दुसरा नंबर आला. फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि विसरलो.

रात्री आत्याचा फोन.

"फोटो छान आलाय रे. पण खाली काय लिहिलंयस ते?"

"पारंपरिक मराठमोळा आकाशकंदील."

"पारंपरिक म्हणजे कोणाचा?"

"म्हणजे... जुना. सगळ्यांचाच की."

"सगळ्यांचा कसा होईल? मी बसवलाय तो. कपिलने वर्ल्ड कप आणला त्या दिवाळीत. चार रात्री जागले होते."

आत्या एका छापखान्यात बाइंडिंगला होती. जवळजवळ तीस वर्षं छापून आलेल्या फर्म्यांना घड्या घालणं, हेच तिचं काम. कागद कुठे वाकेल आणि कुठे फाटेल हे तिच्या अंगठ्याला कळतं. हे सगळं मला माहीत होतं. तरीही लेबल लिहिताना हात आपोआप 'पारंपरिक'वर गेला. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. जपानी गोळ्याखालीसुद्धा मी तेवढ्याच आळसाने तोच शब्द लिहिला होता. तोही कोणीतरी 'बसवलेला' असणारच ना?

पुढचे काही वीकेंड त्यातच गेले. जे सापडलं ते इथे मांडतोय.

आधी गोळा म्हणजे काय ते थोडक्यात. ओरिगामी म्हटलं की एका कागदाचा पक्षी किंवा बेडूक डोळ्यांपुढे येतो. इथे तसं नाही. इथे एकच साधा तुकडा अनेकदा करायचा आणि ते तुकडे एकमेकांत अडकवायचे. यातला सगळ्यात प्रसिद्ध तुकडा म्हणजे सोनोबे. चौरस कागद घ्या, मधोमध घडी घालून उलगडा, दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणा, मग ठरावीक कोपरे आत मुडपा. शेवटी एक समांतरभुज चौकोन उरतो, त्याला दोन टोकं आणि दोन खिसे. ह्याचं टोक त्याच्या खिशात. बस्स, एवढाच नियम.

तीन तुकडे एकमेकांत गेले की एक छोटा पिरॅमिड होतो. ६ तुकड्यांचा घन होतो, १२ तुकड्यांचा आठ सुळक्यांचा तारा, आणि ३० तुकड्यांचा तो गोळा जो मी ऑफिसात टांगला होता. हिशेब सोपा आहे. गोळ्यावर २० पिरॅमिड, प्रत्येकात ३ तुकडे, पण प्रत्येक तुकडा दोन पिरॅमिडांत भागीदार. म्हणून वीस त्रिक साठ, भागिले दोन, तीस. गणिताच्या भाषेत ज्याला २० त्रिकोणी पृष्ठं आणि ३० कडा असतात त्या आयकोसाहेड्रॉनची प्रत्येक कड म्हणजे एक कागद.

हा गोळा करताना एक मजा अनुभवायला मिळते. पंचवीस-सव्वीस तुकडे लागेपर्यंत तो सारखा सुटत असतो. इकडून दाबा, तिकडून निघतो. आपण रागावतो, चहा करून येतो. आणि तिसावा तुकडा बसला की सगळं एकदम घट्ट. प्रत्येक तुकड्याला चार शेजारी धरून असतात: दोघांच्या खिशात त्याची टोकं, आणि त्याच्या खिशांत दोघांची. कोणताही एक तुकडा 'मुख्य' नाही. डिंक नाही, दोरा नाही. वर्तुळ पूर्ण झाल्यामुळे तो टिकतो.

पण ही डिंक-दोरा नसण्याची गोष्ट बरीच अलीकडची आहे. सुरुवात अगदी वेगळी होती.

कुसुदामा हा शब्द कुसुरी म्हणजे औषध आणि तामा म्हणजे गोळा, यांच्या जोडणीतून आला. औषधाचा गोळा. आणि तो खरोखरच औषधाचा होता. कस्तुरी, अगरू, लवंग असली सुगंधी द्रव्यं एका पिशवीत भरायची, वर पानं-फुलं बांधायची आणि खाली पाच रंगांचे लांब दोरे सोडायचे. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी हे गोळे घरात टांगत किंवा अंगावर बांधत. चिनी प्रथेतून आलेला हा सण. पाचवा महिना म्हणजे दमट हवा, पाऊस, रोगराई. आपल्या आजीचा आषाढ आठवा. रोग दूर राहावा, आयुष्य वाढावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

त्यातली पानं कोणती, तर एक योमोगी, म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती, आणि दुसरी शोबू. हे शोबू म्हणजे काय म्हणून शोधायला गेलो तर शास्त्रीय नाव निघालं अकोरस कॅलामस. म्हणजे चक्क वेखंड! तान्ह्या बाळाला धुरी देताना, टाळूला लावताना आपल्याकडे जे लागतं तेच. इतकी वर्षं ज्याला मी परदेशी शोभेची वस्तू समजत होतो, ती मुळात वेखंड बांधलेली पुरचुंडी निघाली. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात नवल काय? वास सगळीकडे सारखाच."

जुन्या नोंदी आहेत. 'शोकु निहोन कोकी' या जपानी राजदरबाराच्या बखरीत इ.स. ८४९ सालची नोंद सापडते: त्या पाचव्या दिवशी बाल्हे राज्याहून आलेल्या दूतांना औषधी गोळे आणि मद्य देण्यात आलं. पुढे साधारण इ.स. १००० च्या सुमारास सेई शोनागोन ही सम्राज्ञीच्या पदरी असलेली बाई आपल्या 'माकुरा नो सोशी' या पुस्तकात या गोळ्यांविषयी लिहून गेली. राजवाड्यात शिवणकामाचं जे खातं होतं तिथून हे गोळे यायचे आणि खांबाला लटकायचे. नवव्या महिन्यात शेवंतीचा सण येईपर्यंत ते तिथेच राहावेत अशी अपेक्षा. पण लोक काहीबाही बांधायला त्याचेच दोरे ओढून नेत, त्यामुळे गोळा तेवढा टिकत नसे, असं ती सांगते. हे वाचून मला आमच्या ऑफिसचा स्टेशनरीचा कप्पा आठवला. हजार वर्षांत माणूस बदललेला नाही :)

तिच्या लिहिण्यातून आपल्याला खात्याचं नाव कळतं. तिथे बसून गोळे बांधणाऱ्या एकीचंही नाव कळत नाही.

हळूहळू औषध गळून गेलं आणि शोभा उरली. खऱ्या फुलांच्या जागी कापडाची फुलं आली, मग कागदाची. घड्या घालून केलेली कागदी फुलं सुईदोऱ्याने ओवायची आणि खेचून गोळा करायचा, हा झाला ओरिगामीतला जुना कुसुदामा. आजही त्याच्या खाली गोंडा सोडतात. तो पाहिला की त्या पाच रंगांच्या दोऱ्यांची आठवण होते. शब्द तर जपानमध्ये आणखी पुढे गेला. दुकानाचं उद्घाटन असो की जहाजाचं जलावतरण, वर एक मोठा गोळा टांगतात. दोरी ओढली की तो दुभंगतो आणि आतून फिती, कागदाचे कपटे आणि अभिनंदनाची पट्टी खाली येते. त्यालाही कुसुदामाच म्हणतात. सेंदाई शहरात दरवर्षी ६ ते ८ ऑगस्टला तानाबाता उत्सव भरतो, तिथे उंच बांबूंवरून कागदी झिरमिळ्या सोडतात, त्यांच्या डोक्यावरही कागदी फुलांचा कुसुदामा असतो.

आता प्रश्न असा, की ओवायचं-चिकटवायचं सोडून कागदात कागद अडकवायची कल्पना कधी आली?

याचा सगळ्यात जुना ज्ञात पुरावा १७३४ सालचा आहे, आणि तो ओरिगामीच्या पुस्तकात नाहीच. पुस्तकाचं नाव 'रानमा झुशिकी'. रानमा म्हणजे जपानी घरात सरकत्या दारांच्या वर, छताखाली बसवतात ती नक्षीची लाकडी पट्टी. तर हे अशा पट्ट्यांच्या नक्षींचं पुस्तक. त्याचा कर्ता ओओका नावाचा चित्रकार. त्यातल्या एका चित्रात कागदी घड्यांच्या वस्तू विखुरलेल्या दाखवल्या आहेत, आणि त्यांत एक घन दोनदा काढला आहे, जरा वेगवेगळ्या कोनांतून. नाव दिलंय 'तामातेबाको'. उराशिमा तारो नावाच्या कोळ्याला समुद्रातल्या राजकन्येने दिलेली ती पेटी, जी उघडल्याबरोबर तो क्षणात म्हातारा झाला अशी कथा आहे. सहा कागदी तुकडे, प्रत्येकाचा एक पृष्ठभाग, असा तो घन.

म्हणजे बघा, १७३४ साली ही गोष्ट एवढी सर्वपरिचित होती की चित्रकाराने ती शोभेसाठी सहज काढून टाकली. ती कशी करायची हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी शोधली हे लिहायचा तर प्रश्नच नव्हता. तसाच घन पुढे १९६५ साली इसाओ होंदा यांच्या ओरिगामीवरच्या इंग्रजी पुस्तकात दिसतो. मधली दोनशे तीस वर्षं तो कोणाकोणाच्या हातांतून आला असेल? आयांनी मुलींना दाखवला असेल, मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला. पुस्तकात आला तेव्हा तो 'पारंपरिक' झालेला होता.

इथे एक आपल्याकडचं नाव घेतलं पाहिजे. १८९३ साली मद्रासला टी. सुंदर राव यांनी कागदाला घड्या घालून भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक छापलं. समभुज त्रिकोण, पंचकोन, कितीतरी आकृत्या आणि वक्र, सगळं फक्त घड्यांतून. फेलिक्स क्लाइन या मोठ्या जर्मन गणितज्ञाने त्याचा उल्लेख केला आणि पुस्तक युरोप-अमेरिकेत पोचलं. मला आवडली ती त्यांची सुरुवात. ही कल्पना आपल्याला कशी सुचली हे ते आधीच सांगून टाकतात: बालवाडीत मुलांना देतात त्या फ्रोबेलच्या साहित्यातल्या, घड्या घालायच्या कागदांच्या आठव्या संचावरून. मोठ्या माणसाने लहान मुलांच्या खेळण्याचं ऋण मान्य करायचं, तेही पहिल्याच पानावर. लेबल असं लिहायचं असतं.

ओरिगामीत नावं टिकायला लागली ती चित्रखुणा आल्यावर. अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांनी १९५४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात तुटक रेषा, बाण, वळणं अशी घड्यांची एक भाषा वापरली. पुढे सॅम्युअल रँडलेट वगैरेंनी ती पाश्चात्त्य वाचकांपर्यंत नेली आणि आज जगभर थोड्याफार फरकाने तीच चालते. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर तोवर कोड होतं, डॉक्युमेंटेशन नव्हतं. हातातून हातात जाणाऱ्या गोष्टीवर नाव चिकटत नाही. कागदावर उतरलेल्या गोष्टीवर चिकटतं. निदान चिकटायला हवं.

आता येऊ माझ्या त्या सोनोबे तुकड्याकडे. वाटलं, इथे तरी सोपं असेल. तुकड्याच्या नावातच माणसाचं नाव आहे. मित्सुनोबु सोनोबे.

तर नाही. जपानमध्ये 'सोसाकु ओरिगामी ग्रुप ६७' नावाचा एक गट होता. त्यांच्या 'ओरिगामी' या मासिकाच्या १९६८ सालच्या दुसऱ्या अंकात हा तुकडा पहिल्यांदा दिसतो, सहा तुकड्यांच्या घनात. खाली लिहिलंय की तयार घन सोनोबे यांचा. तयार घन! तुकडा त्यांनी शोधला की आधीचा कोणाचा वापरला, हे त्या ओळीतून ठरत नाही. त्याच गटात तोशिए ताकाहामा नावाच्या बाई होत्या. सोनोबे आणि त्या, दोघांनी मिळून पुस्तकंही काढली. ह्याच तुकड्याच्या फक्त तीन प्रतींची एक छोटी आकृती त्यांच्या नावाने ओळखली जाते, 'तोशिएचं रत्न'. त्यामुळे मूळ तुकडा दोघांपैकी कोणाचा, हा प्रश्न अभ्यासक आजही उघडाच ठेवतात.

ज्यांनी कधी 'गिट ब्लेम' चालवून बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. ओळ कोणी चेक-इन केली ते दिसतं. ती कोणाला सुचली ते दिसत नाही. दुपारी चहाच्या टपरीवर कोणीतरी "अरे, उलटं करून बघ ना" म्हणालेलं असतं, आणि संध्याकाळी कमिट दुसऱ्याच्या नावावर पडतं. यात कोणी चोर नसतो. फक्त त्या टपरीवर लॉग नसतो.

आणि गंमत पुढेच आहे. घन करणाऱ्या माणसाचं नाव तुकड्याला मिळालं, पण त्याच तुकड्याचे घनापलीकडचे आकार होतात, अगदी तीस तुकड्यांचा गोळासुद्धा, हे १९७० च्या दशकात दाखवून दिलं स्टीव्ह क्रिमबॉल यांनी. माझ्या टेबलावरचा गोळा म्हणजे मग कोणाचा? तुकडा बहुधा सोनोबे किंवा ताकाहामा यांचा, रचना क्रिमबॉल यांची, कागदात कागद अडकवायची युक्ती निदान १७३४ पूर्वीच्या कोणाची तरी, आणि टांगायची हौस वेखंडवाल्यांची. ही यादी लेबलवर मावत नाही म्हणून आपण 'पारंपरिक' लिहून मोकळे होतो.

पुढची कथा बऱ्यापैकी नोंदलेली आहे, आणि तिच्यात एक नाव ठळक आहे: तोमोको फुसे. १९५१ साली निगाता इथे जन्म. लहानपणी आजारी पडून हॉस्पिटलात असताना त्या ओरिगामी शिकल्या. औषधाचा गोळा असा पुन्हा हॉस्पिटलात येऊन पोचला म्हणायचा. त्यांची साठाहून जास्त पुस्तकं निघाली, आणि १९९० साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने तुकड्यांची ओरिगामी जगभर नेली. एकदा तुकड्याच्या टोकाला आणि खिशाला धक्का न लावता फक्त मधली घडी बदलली, की तोच गोळा फुलासारखा, भोवऱ्यासारखा, चक्रासारखा दिसतो. इंटरफेस तोच, आतलं काम वेगळं!

आमच्या जातीची (म्हणजे सॉफ्टवेअरवाली) माणसंही यात आहेत. मीनाक्षी मुखर्जी मूळच्या कोलकात्याच्या, आयआयटी खरगपूरच्या इंजिनियर, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये दहा-बारा वर्षं काढलेल्या. २००७ साली त्यांचं तुकड्यांच्या ओरिगामीवरचं पहिलं पुस्तक आलं आणि पुढे बरीच आली. जीनिन मोसली या अशाच एक अमेरिकन सॉफ्टवेअर इंजिनियर. त्यांनी ६६,०४८ बिझनेस कार्डांचा एक प्रचंड, भोकाभोकांचा घन अनेकांच्या मदतीने साधारण नऊ वर्षांत पुरा केला. आपली जुनी कार्डं ड्रॉवरमध्ये पडलेली असतील त्यांनी नोंद घ्यावी.

पण मला सगळ्यात जास्त काळ डोक्यात राहिलेली गोष्ट कोणा एका कलाकाराची नाही.

६ जून १९९३. 'गोल्डन व्हेंचर' नावाचं एक जुनाट मालवाहू जहाज न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रॉकअवेच्या किनाऱ्यावर रुतलं. आत २८६ माणसं, बहुतेक चीनच्या फुजियान प्रांतातली, कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरू पाहणारी. थंड पाण्यात उड्या मारल्या, दहा जण मेले. उरलेल्यांपैकी अनेकांना पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क काउंटीच्या तुरुंगात ठेवलं गेलं. खटले, अपिलं, वाट बघणं. काहींची सुटका व्हायला फेब्रुवारी १९९७ उजाडला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं.

तुरुंगात काय असतं? जुनी मासिकं आणि वकिलांच्या पिवळ्या पॅडची पानं. त्यांनी त्याचे छोटे छोटे त्रिकोणी तुकडे घडवले, प्रत्येकाला दोन टोकं आणि दोन खिसे, आणि शेकड्यांनी एकमेकांत खोचून गरुड, अननस, बोटी, मनोरे केले. आधी ते फुकट खटला लढणाऱ्या वकिलांना आभाराची भेट म्हणून दिले. मग बाहेरच्या समर्थकांनी ते विकून खटल्यासाठी पैसे उभे केले. त्या काळात दहा हजारांवर कलाकृती झाल्या असं सांगतात. काही आज न्यूयॉर्कच्या चिनी-अमेरिकन संग्रहालयाकडे आहेत.

अमेरिकेत या घडीच्या प्रकाराला काय नाव पडलं माहितीये? 'गोल्डन व्हेंचर फोल्डिंग'. ज्यांनी घड्या घातल्या त्यांचं नाव नाही, ते ज्यातून बुडता बुडता वाचले त्या जहाजाचं नाव!

हे वाचल्यावर माझ्या लेबलची मला जास्त लाज वाटली. नाव विसरलं जातं हे मान्य. काळ जातो, कागद कुजतो. पण काही वेळा नाव माहीत असतं, एका फोनच्या अंतरावर असतं, आणि आपण ते विचारत नाही.

आणि हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, कोर्टापर्यंत गेलेला आहे. २०११ साली सहा ओरिगामीकारांनी, ज्यांत पूर्वी लेझरवर संशोधन करणारे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लँग होते, चित्रकार सारा मॉरिस यांच्यावर अमेरिकेत दावा लावला. ओरिगामीची वस्तू पूर्ण उलगडली की कागदावर घड्यांच्या रेषांचं एक जाळं दिसतं. आमची अशी जाळी परवानगीशिवाय आणि श्रेयाशिवाय घेऊन, रंगवून, चित्रं म्हणून विकली गेली, असा त्यांचा आरोप. आरोपातला एक मुद्दा असा, की ती 'सापडलेली' किंवा 'पारंपरिक' म्हणून दाखवली गेली. २०१३ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि चित्रं लावताना मूळ रचनाकारांचं श्रेय द्यायचं असं ठरलं.

'पारंपरिक'. पुन्हा तोच शब्द. हा शब्द वाईट नाही, उलट त्यात केवढा आदर आहे. पण तो मोठा सोयीचाही आहे. 'पारंपरिक' म्हटलं की कोणाला विचारावं लागत नाही. आणि बघा, तो कोणाच्या कामावर पटकन बसतो? घरात केलेल्या, बायकांनी केलेल्या, कारागिरांनी केलेल्या कामावर. एखादा आर्किटेक्ट कंदील करतो तेव्हा ते 'डिझाइन' असतं. आत्या करते तेव्हा ती 'परंपरा' असते.

असो. हे सगळं पाठ करून मी मागच्या महिन्यात डोंबिवलीला गेलो. बरोबर रंगीत कागद नेले. आत्याला सोनोबे दाखवला. तिने तिसऱ्या तुकड्याला माझी पद्धत सोडून दिली आणि नखाने घडी दाबायला सुरुवात केली. माझ्या दुप्पट वेगाने. दीड तासात गोळा झाला. हातात फिरवून म्हणाली, "चांगला आहे. पण आत दिवा नाही राहायचा याच्यात."

मग मी वही काढली. "आता नीट सांग. कंदील तू बसवलास. १९८३. लिहितो."

"हो. लिही." मग जरा थांबली. "पण थांब. पुड्यांची मांडणी माझी. ते खालचं टोक मुडपून दुसरीच्या पोटात सरकवायचं, डिंक न लावता, ते नाही माझं. आमच्या टेबलावर समोर एक बाई बसायची. ती डब्यातल्या चटणीची पुडी तशी बांधायची. कितीही हलवा, उघडायची नाही. तिच्याकडून शिकले मी."

"नाव काय त्यांचं?"

आत्या बराच वेळ आठवत राहिली. पंख्याकडे बघत. तीस वर्षं एका टेबलावर बसलेल्या बाईचं नाव.

"सगळे वहिनी म्हणायचे रे तिला."

मी पेन हातात धरून बसलो. मला तिच्यावर रागवायचा काय अधिकार? ऑफिसात सकाळी आमचा कोपरा पुसून जाणाऱ्या मावशींचं नाव मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. (दुसऱ्या दिवशी विचारलं. आता माहीत आहे.)

तर या दिवाळीची लेबलं तयार आहेत. गोळ्याखाली: 'तुकडा: मित्सुनोबु सोनोबे किंवा तोशिए ताकाहामा, जपान, १९६८. तीस तुकड्यांची रचना: स्टीव्ह क्रिमबॉल.' कंदिलाखाली आत्याचं पूर्ण नाव, '१९८३', आणि त्याखाली 'टोक अडकवायची घडी: छापखान्यातल्या वहिनी'.

आत्याचं नाव इथेही लिहिणार होतो. तिला विचारलं तर म्हणाली, "ऑफिसात लाव. इंटरनेटवर कशाला? लोक उगाच फोन करतील." या वेळी मी निदान विचारलं तरी.

तुमच्या घरात अशी एखादी 'पारंपरिक' गोष्ट असेल. चिवड्याची एखादी खास रीत, रांगोळीचं वळण, स्वेटरची वीण. या वीकेंडला फोन करून विचारा, कोणी बसवली. उत्तर मिळेलच असं नाही.